आटवलेलं नको, निथळलेलं चालतंय : आमच्या पेठेतल्या डेअरीचा चक्का

गेले ११ महिने मी आठवड्यातनं चार वेळा सकाळी साडेसहाला स्टीलचा डबा घेऊन या डेअरीसमोर उभा असतो, त्यामुळं रिव्ह्यू लिहायचा हक्क आपल्याला आहे असं धरून लिहितोय. डेअरीचं नाव लिहीत नाही. मावशींनी स्वतःच सांगितलंय, बाळा नाव नको टाकूस, आहे त्या गिऱ्हाइकांनाच माल पुरत नाही. कोल्हापुरातली आहे, पेठेतली आहे, दहा बाय बाराचं दुकान आहे, मावशी आणि त्यांचा मुलगा दोघं मिळून चालवतात, एवढं पुरे. आणि मी लिहितोय ते श्रीखंडाच्या चवीबद्दल कमी आणि घरात डायलिसिसचा पेशंट असताना दूध-दह्याचं करायचं काय याबद्दल जास्त. हा प्रश्न आमच्या घरात सात-आठ महिने कुणालाच सुटत नव्हता आणि शेवटी तो या दुकानात येऊन सुटला.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, २२ वर्षं शुगर आहे. शुगरनं हळूहळू किडनी गेली, गेल्या वर्षी डायलिसिस चालू झालं. सोमवार, बुधवार, शनिवार, प्रत्येक वेळी चार तास. कोल्हापूरच्या माणसाला दूध तोडा म्हणून सांगणं म्हणजे काय असतं ते इथल्यांनाच कळेल. लहानपणी तालमीतनं आलं की गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात, वर हा एवढा फेस, असं धारोष्ण दूध पिऊन वाढलेला माणूस. निवृत्त होईपर्यंत रोज रात्री तांब्याभर दूध ठरलेलं. आणि आता दिवसाला सगळं मिळून १ लिटर पाणी. सगळं मिळून म्हणजे चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं त्यातच. बायकोनं युक्ती काढली, सकाळी लिटरची बाटली भरून ठेवायची आणि आण्णा जे काही पातळ पितील तेवढं पाणी बाटलीतनं ओतून टाकायचं, बाटली संपली की दिवसाचा कोटा संपला. ही युक्ती ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांनी करून बघा, भांडणं निम्म्यावर येतात कारण नाही म्हणायचं काम बाटली करते.

आता खरा गोंधळ काय झाला ते सांगतो. डायलिसिस चालू व्हायच्या आधी डॉक्टरांनी प्रोटीन कमी करा म्हणून सांगितलेलं. डाळ कमी, दूध कमी, अंडं बंद. दोन वर्षं आम्ही ते पाळलं, आईनं तर अगदी वाटीनं मोजून पाळलं. आणि डायलिसिस चालू झाल्यावर डाएटिशियन म्हणाल्या, आता उलटं, प्रोटीन वाढवा, कारण मशीनमधनं रक्त फिरताना प्रोटीनचाही काही भाग निघून जातो, आता वजनाच्या प्रत्येक किलोला १ ते १.२ ग्रॅम रोज पाहिजे. आण्णा ६२ किलोचे, म्हणजे साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. घरी हिशोब केला तर चाळीसच्या वर जात नव्हतं. आई हे ऐकायलाच तयार नव्हती, तिचं म्हणणं दोन वर्षं जे विष म्हणून सांगितलं ते आता औषध कसं झालं. तिची चूक नाही, तिला कुणी नीट बसवून समजावलंच नव्हतं.

बरं प्रोटीन वाढवायचं तर फॉस्फरस वाढता कामा नये, पोटॅशियम वाढता कामा नये, पाणी वाढता कामा नये, मीठ वाढता कामा नये आणि शुगर तर आहेच. अंड्याच्या पांढऱ्यावर भागत होतं, सकाळी तीन पांढरे, विषय संपला. आणि मग श्रावण आला. आण्णा श्रावण कडक पाळतात, अंडं नाही, मटण नाही, काही नाही, आजपर्यंत एकदाही मोडलेला नाही. मी म्हटलं या वर्षी सोडा, तर म्हणाले मशीनवर बसून जेवढं जगायचं ते माझ्या पद्धतीनं जगू दे की. त्यावर मी काय बोलणार.

त्या आठवड्यात मी या डेअरीत गेलो होतो साधं दही घ्यायला. काउंटरच्या मागं दोन लोखंडी हुक आहेत, त्याला पंच्यात बांधलेली दह्याची दोन गाठोडी लटकत होती आणि खाली ॲल्युमिनियमच्या पातेल्यात हिरवट-पिवळं पाणी ठिपकत होतं, टप, टप, अगदी सावकाश. मावशींनी एक गाठोडं उतरवलं, गाठीला अजून एक पीळ दिला, परातीत ठेवून वर पाटा ठेवला. मग पंचा सोडला तर आत चक्क्याचा गोळा, त्यावर पंच्याच्या विणीची नक्षी उमटलेली, बोटानं दाबला तर खड्डा तसाच राहिला. मी विचारलं, मावशी हे पाणी किती निघतंय? म्हणाल्या, म्हशीच्या दुधाचं दही, रात्रभर बांधलं की निम्म्याच्या वर पाणीच जातंय, किलोचा चारशे-साडेचारशे ग्रॅम चक्का पडतोय. माझ्या डोक्यात ते पाणी घुमायला लागलं. कारण घरात आम्ही बटाटा, पालेभाजी सगळं बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकूनच वापरतो, पोटॅशियम पाण्यात उतरतं म्हणून. मग दह्याचं पण तसंच असणार की!

बुधवारी डायलिसिसला गेलो तेव्हा डाएटिशियनना विचारलं. त्या म्हणाल्या बरोबर आहे, चालेल, आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी सगळ्यांना सांगत सुटलोय. दुधातलं पोटॅशियम पाण्यात विरघळलेलं असतं. दही आंबट होत जातं तसं प्रोटीनला चिकटून असलेलं कॅल्शियम आणि फॉस्फरसही बऱ्यापैकी सुटून पाण्यात उतरतं. पंच्यातनं ठिपकतं ते पाणी हे सगळं घेऊन जातं, दुधातली साखरही बरीचशी घेऊन जातं, आणि प्रोटीन मागं गोळ्यात राहतं. १०० ग्रॅम चांगल्या घट्ट चक्क्यात ९-१० ग्रॅम प्रोटीन धरा. तेवढंच प्रोटीन म्हशीच्या दुधातनं घ्यायचं तर पाव लिटरच्या वर दूध प्यावं लागेल, म्हणजे बाटलीतला पाव कोटा तिथंच गेला, आणि फॉस्फरस चक्क्याच्या दुप्पट, पोटॅशियम तर ढोबळमानानं तिप्पट. हे ऐकलं आणि मला वाटलं हे आम्हाला पहिल्या दिवशी का नाही कुणी सांगितलं.

आणि उलटी बाजू ऐका. आटवलेलं दूध. खवा, पेढा, बासुंदी, रबडी. त्यात पाण्याची वाफ होऊन जाते पण वाफेबरोबर ना पोटॅशियम जातं ना फॉस्फरस, दोन लिटरमधलं सगळं त्या अर्ध्या लिटरात येऊन बसतं. आता आमच्याकडं पाहुणा येतो तो नरसोबाच्या वाडीहून येतो आणि येताना प्रसाद म्हणून पेढे आणि बासुंदी आणतो, कवठाची बर्फी आणतो, आणि आण्णांना म्हणतो एवढ्यानं काय होतंय, देवाचं आहे. आण्णांचा फॉस्फरस जूनमध्ये ६.८ गेला होता. अंगाला खाज, रात्र रात्र झोप नाही, पाठीवर ओरखडे. फॉस्फरस वाढला की अशी खाज सुटते हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही खरजेचं मलम लावत बसलो होतो. मागं जाऊन बघितलं तर त्या पंधरवड्यात दोन पाहुणे वाडीहून आलेले. वाडीच्या बासुंदीचा काही दोष नाही, मी स्वतः आवडीनं खातो, पण किडनीच्या माणसाला ती नको. आई आता एका वाक्यात सांगते सगळ्यांना, आटवलेलं नको, निथळलेलं चालतंय. तिला हे पटलं, कारण आटवणं आणि निथळवणं या दोन्ही गोष्टी तिनं आयुष्यभर हातानं केल्यात.

तरी एक चूक आमच्याकडनं झालीच. मावशी चांगल्या मनाच्या, चक्क्याबरोबर ते पाणी पण बाटलीत भरून द्यायच्या, कणीक मळायला घ्या, चपात्या मऊ होतात, सगळी ताकद त्यातच असते. चपात्या खरंच मऊ व्हायच्या. बायको पंधरा दिवस त्यातच कणीक मळत होती आणि मला पत्ता नाही. म्हणजे जे काढून टाकायसाठी चक्का आणतोय तेच चपातीतनं आण्णांच्या पोटात. पोटॅशियम ५.९ आलं तेव्हा डाएटिशियननी एक एक जिन्नस विचारत विचारत ते शोधून काढलं. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचा ठोका बिघडतो, हे साधं प्रकरण नाही, त्या दिवशी ईसीजी काढेपर्यंत माझे हात गार पडले होते. आता ते पाणी आम्ही घेत नाही. घरात बाकी कुणी धडधाकट असेल तर त्यांच्यासाठी उत्तम आहे, पण पेशंटच्या चपातीत नाही. पनीरच्या पाण्याचं पण तेच.

आता डेअरीबद्दल. मावशींचं सगळ्यात मोठं म्हणजे त्या खोटं बोलत नाहीत. मध्यंतरी मी दुसऱ्या एका ठिकाणाहून पण चक्का आणायचो, छान पॅकिंग, वर केशराचं चित्र, त्यांचं नाव घेत नाही. तो चक्का जास्तच गुळगुळीत लागायचा, जिभेवर पिठाळ. घरी टिंक्चर आयोडीन होतं, थोडा चक्का वाटीत गरम पाण्यात कालवून गार केला आणि दोन थेंब टाकले तर निळाकाळा झाला. म्हणजे स्टार्च. शुगरच्या माणसाला आपण प्रोटीन म्हणून पीठ चारत होतो. मावशींच्या चक्क्याला पण मी गुपचूप तीच टेस्ट केली, रंग बदलला नाही, नुसता आयोडीनचा पिवळट तांबूस राहिला. नंतर त्यांना सांगितलं तर रागावल्या नाहीत, म्हणाल्या बरं केलंस, दर महिन्याला करत जा.

दुसरी गोष्ट, मीठ. त्यांच्याकडचं ताक विकायचं असतं ते मीठ-जिरं घालूनच ठेवलेलं असतं, पण आधी सांगितलं तर बिनमिठाचं काढून ठेवतात. मीठ खाल्लं की तहान, तहान लागली की पाणी, पाणी प्यालं की दोन डायलिसिसच्या मध्ये वजन चढतं आणि मग मशीनवर ते पाणी ओढताना बीपी पडतं, पायात गोळे येतात. वाटीभर ताकाच्या मिठानं एवढी साखळी चालू होते. आणि एक सांगून ठेवतो, बाजारात लो सोडियम मीठ मिळतं ते किडनीच्या माणसाला चुकूनही देऊ नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. आमच्या शेजारच्यांनी प्रेमानं आणून दिलेलं, मी पाकिटामागं वाचलं म्हणून वाचलो.

दुकानात गिऱ्हाइकांच्या गप्पा चालतात त्यात सल्ले पण फुकट मिळतात. एक काका रोज सांगतात देशी गाईचं ए२ दूध द्या, किडनी साफ होते. मी डाएटिशियनना विचारून आलो, ए१-ए२ हा दुधातल्या एका प्रोटीनच्या प्रकाराचा फरक आहे, पोटॅशियम-फॉस्फरस त्यानं जात नाही. गाईच्या दुधात म्हशीपेक्षा फॉस्फरस जरा कमी असतो एवढं खरं, म्हणून चहाला आम्ही गाईचं वापरतो, दिवसाला १०० मिली. दुसरा सल्ला डबल टोन्डचा. आई पण हेच धरून बसली होती, पातळ दूध म्हणजे किडनीला हलकं. पिशवीवर काय असतं बघा, डबल टोन्डमध्ये फॅट १.५ टक्के आणि एसएनएफ ९ टक्के, फुल क्रीममध्ये फॅट ६ आणि एसएनएफ तेच ९. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात जे काही आहे ते सगळं, प्रोटीन, साखर, क्षार. म्हणजे काढलं काय तर साय. हार्टसाठी त्याचा उपयोग असेल, पण फॉस्फरस-पोटॅशियम आहे तिथंच आहे.

चीजचं पण सांगतो कारण नातवाच्या डब्यातली स्लाइस आण्णा अधनंमधनं खायचे. प्रोसेस्ड चीजच्या पाकिटावर इमल्सिफायर म्हणून ई ३३९, ई ४५२ असले नंबर असतात, ते फॉस्फेट आहेत. दुधात मुळात असलेला फॉस्फरस शरीर निम्म्याच्या आसपास शोषतं, पण हा वरनं घातलेला जवळजवळ सगळाच शोषला जातो. मावशींच्या दुकानात चीज ठेवतच नाहीत, तो प्रश्नच येत नाही.

आता तक्रारी. लेबल नाही, तारीख नाही. मावशी तोंडानं सांगतात आजचं, कालचं, आणि खरं सांगतात, पण मुलगा काउंटरवर असला की त्याला माहीत नसतं. डायलिसिसच्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी असते, शिळा चक्का चालणार नाही, त्यामुळं मुलगा एकटा असेल त्या दिवशी मी घेत नाही. दोनदा रिकामा डबा घेऊन परत आलोय. पंचा रोज उकळतात का हे मी विचारलं, तर उकळतो म्हणाल्या आणि मागं नेऊन चुलीवरचं पातेलं दाखवलं, पण हुकाच्या वरची भिंत काळी पडलीय ती रंगवायला हवी. दसऱ्याला आणि पाडव्याला आधी तीन दिवस चक्का मिळत नाही, सगळा श्रीखंडाच्या ऑर्डरीत जातो, दसऱ्याला आमची पंचाईत झाली होती, मग बायकोनं घरीच बांधला. तो पण चांगला झाला, पण घरच्या फडक्यातनं पाणी तेवढं निथळत नाही, मावशींच्या हाताचा पीळ वेगळाच आहे. किंमत ३६० रुपये किलो. आम्हाला दिवसाला १०० ग्रॅम लागतो म्हणजे ३६ रुपये. प्रोटीन पावडरचा जो डबा आम्हाला सांगितला होता त्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि मुख्य म्हणजे आण्णा खातात, पावडर ते बेसिनमध्ये ओतायचे.

देतो कसा ते सांगतो. सकाळी ५० ग्रॅम नुसता, वर जिऱ्याची पूड आणि थोडी कोथिंबीर, मीठ नाही. दुपारी ५० ग्रॅम वेलदोडा आणि जायफळ घालून, अर्धा चमचा साखर, तेवढीच परवानगी आहे. आंबा घालायचा नाही, आम्रखंड बंद, आंब्यात पोटॅशियम. आणि फॉस्फरसची गोळी जेवतानाच घ्यायची, घास चालू असताना, तासाभरानं घेतली तर उपयोग नाही कारण ती पोटात अन्नातल्या फॉस्फरसला धरून ठेवते, अन्न पुढं गेल्यावर धरणार कशाला. आण्णा आता वाटी हातात घेतली की आधी गोळी मागतात. पहिल्या दिवशी वेलदोड्याचा घातलेला त्यांनी खाल्ला तेव्हा काही बोलले नाहीत, वाटी बोटानं पुसून घेतली आणि आईला म्हणाले, दसऱ्यासारखं लागतंय गं.

श्रावण अंड्याशिवाय पार पडला. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, ३.१ होतं ते तीन महिन्यांनी ३.६ झालं, फॉस्फरस ५.२ वर आला, खाज बरीच कमी आहे. हे सगळं एकट्या चक्क्यानं झालं असं मी म्हणणार नाही, गोळीचा डोस पण बदलला, पेढे-बासुंदी बंद झाली, श्रावण संपल्यावर अंडी परत चालू झाली. पण आण्णांच्या पानात दुधाचं काहीतरी परत आलं हे चक्क्यानंच झालं.

मागच्या शनिवारी डायलिसिसवरनं परत येताना ते म्हणाले गंगावेशीतनं घे. कट्ट्यावर संध्याकाळची गर्दी होती, म्हशी उभ्या, पोरं पेले घेऊन उभी. कच्चं दूध त्यांना चालणार नाही हे त्यांना पण माहीत आहे, इन्फेक्शनची भीती असते. गाडीची काच खाली करून दहा मिनिटं बघत बसले, धारेचा आवाज ऐकत. मग म्हणाले चल, आणि उद्याचा चक्का आणायला विसरू नको.

ज्यांच्या घरात किडनीचा पेशंट आहे पण डायलिसिस चालू नाही त्यांनी माझं ऐकून चक्का चालू करू नका, त्यांचं प्रोटीनचं गणित वेगळं असतं, आमचं पण वेगळंच होतं. तुमच्या डाएटिशियनना तुमचा ताजा रिपोर्ट दाखवा आणि ग्रॅममध्ये विचारून घ्या. ज्यांना परवानगी आहे त्यांनी आपल्या भागात अशी डेअरी शोधा जिथं दही तुमच्या डोळ्यासमोर टांगलेलं दिसतं. आमच्या मावशींचं दुकान ज्यांना माहीत आहे त्यांनी यायचं असेल तर सातच्या आत या, नंतर संपतो, शुक्रवारी दुकान बंद असतं, डबा घरनं आणा, ताक पाहिजे असेल तर बिनमिठाचं म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि मावशी, तुमचा मुलगा हे वाचत असेल तर त्याला सांगा, डब्यावर नुसती तारीख टाकायला एक मार्कर पेन पुरतोय, तो मी उद्या येताना घेऊन येतो.